मुखवट्यामागील रिक्तता : ‘हॅलोवीन’ (१९७८) या चित्रपटातील भयाचे स्वरूप

१

किशोरवयीन मुलामुलींचा एक गट, त्यांच्या मागावर असलेला मुखवटाधारी खुनी, एकामागून एक घडणाऱ्या हत्या आणि अखेरीस बचावलेली एकटी मुलगी, एवढ्या सामग्रीवर उभारलेल्या अमेरिकन चित्रपटांचा एक स्वतंत्र वर्ग १९७८ नंतरच्या चार-पाच वर्षांत रूढ झाला. ‘स्लॅशर’ या नावाने तो ओळखला जातो. शस्त्राने सपासप वार करणारा, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. आणि या वर्गाकडे पाहण्याची समीक्षेची दृष्टी त्या नावातच पुरेशी व्यक्त झाली आहे. वारांची मोजदाद म्हणजेच हे चित्रपट, असे मानून गंभीर समीक्षेने प्रारंभी त्यांची दखल घेण्याचे टाळले. पुढे ती घेतली गेली तेव्हाही बहुधा समाजशास्त्रीय अथवा मनोविश्लेषणात्मक पुरावा म्हणून घेतली गेली. या वर्गातील एखादी कृती भयाचा अनुभव कोणत्या मार्गाने सिद्ध करते, आणि तो अनुभव कलेच्या पदवीला पोहोचतो काय, हा प्रश्न मागेच राहिला. ज्या चित्रपटाने हा साचा लोकप्रिय केला, त्या जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’च्या संदर्भात तरी हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

चित्रपटाची बाह्य हकीकत थोडक्यात अशी. पटकथा कार्पेंटर व डेब्रा हिल यांची. निर्मितीही हिल यांचीच. खर्च सुमारे तीन लाख डॉलर, म्हणजे हॉलीवूडच्या तत्कालीन मानानेही अत्यल्प. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, सुमारे वीस दिवसांत आणि तेही वसंत ऋतूत झाले. कथेतला शरद ऋतू भासविण्यासाठी रंगविलेली कागदी पाने रस्त्यावर पसरून, पुन्हा गोळा करून, पुन्हा पसरली गेली. कथा घडते ती इलिनॉयमधील हॅडनफील्ड या काल्पनिक गावात. १९६३ सालच्या ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोवीनच्या रात्री मायकेल मायर्स हा सहा वर्षांचा मुलगा आपल्या थोरल्या बहिणीचा सुऱ्याने खून करतो. पंधरा वर्षांनी तो मनोरुग्णालयातून पळतो, गावी परततो आणि लॉरी स्ट्रोड या शाळकरी मुलीच्या व तिच्या मैत्रिणींच्या मागावर राहतो. त्या रात्री लॉरी शेजाऱ्यांची मुले सांभाळण्याच्या कामावर असते. तिच्या मैत्रिणी मारल्या जातात, ती वाचते. याहून अधिक कथानक चित्रपटात नाही. कथेच्या या दारिद्र्याचा कार्पेंटर यांनी काय उपयोग केला, यातच कृतीचे मर्म आहे.

भरताने भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्याजजन्य, अपराधजन्य आणि वित्रासितक. पहिले भय सोंगाचे, दुसरे काही अपराध घडल्यामुळे वाटणारे, तिसरे त्रस्त केले गेल्याने उत्पन्न होणारे. या संज्ञा त्यांच्या मूळ नाट्यसंदर्भापासून थोड्या सैल केल्या, तर ‘हॅलोवीन’च्या रचनेवर त्या चांगला प्रकाश टाकतात. हॅडनफील्ड गाव समोरचे भय सोंगाचे समजते. पुष्कळ समीक्षक ते अपराधाचे, म्हणजे शिक्षेचे समजतात. चित्रपट मात्र आपल्या सर्व साधनांनिशी तिसऱ्या प्रकाराकडे, अपराधावाचून आणि कारणावाचून येणाऱ्या भयाकडे जात असतो. या तीन समजुतींमधील ताणातूनच त्याचा परिणाम सिद्ध होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

हॅलोवीन हा सणच मुळी भयाच्या सोंगाचा आहे. मुले भुताखेतांचे वेष घेऊन दारोदार खाऊ मागतात, भोपळे कोरून त्यांत दिवे लावतात. गावचा शेरीफ लॉरीला अभावितपणे दचकवतो आणि आजच्या दिवशी प्रत्येकाला एकदा घाबरण्याचा हक्क आहे, अशा आशयाचे काही हसून म्हणतो. कार्पेंटर यांनी सणाची ही निवड केवळ वातावरणासाठी केलेली नाही. ज्या दिवशी सर्वांनीच मुखवटे घातले आहेत त्या दिवशी एक मुखवटा खरा आहे हे ओळखणार कोण? झुडपांच्या कुंपणामागे कोणी तरी उभा होता, असे लॉरी सांगते तेव्हा तिची मैत्रीण थट्टेने पुढे जाऊन पाहते आणि तिथे कोणी नसते. पुढे बागुलबुवा दिसल्याचे टॉमी हा लहान मुलगा सांगतो, तेव्हा लॉरीही त्याची समजूत काढते. ज्याला दिसते त्याचे कोणी ऐकत नाही. भय हे खेळातले आहे या गावाच्या खात्रीवरच खुन्याची सारी सुरक्षितता उभी आहे.

प्रेक्षकाची अवस्था याच्या उलट आहे. त्याला आरंभापासून माहीत आहे. इतकेच नव्हे, तर आरंभी तो स्वतः खुन्याच्या डोळ्यांत बसलेला आहे. पहिला प्रदीर्घ शॉट हा या चित्रपटाचा सर्वांत चर्चिलेला भाग. शरीरावर बांधून चालता येईल अशा कॅमेऱ्याने तो घेतला असून, जोड लपवून तो अखंड भासविला आहे. कॅमेरा एका घरासमोर उभा राहतो, खिडकीतून आतल्या जोडप्याला न्याहाळतो, मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो; एक हात सुरा उचलतो; जिन्याने वर गेल्यावर एक मुखवटा उचलून चेहऱ्यावर चढविला जातो आणि पडद्याची चौकट दोन छिद्रांपुरती आकुंचित होते. त्या छिद्रांतून प्रेक्षक खून पाहतो. मग नजर घराबाहेर येते, कोणी तरी मुखवटा ओढून काढते, आणि प्रथमच समोरचा चेहरा दिसतो : विदूषकाच्या वेषातील, हातात सुरा घेतलेला, काहीही भाव नसलेला एक लहान मुलगा.

या वर्गातील चित्रपटांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप नेमका इथे येतो. १९८० साली रॉजर ईबर्ट व जीन सिस्केल या शिकागोच्या समीक्षकद्वयाने आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एक भाग स्त्रियांना सावज करणाऱ्या चित्रपटांच्या निषेधासाठी खर्च केला. अशा चित्रपटांत कॅमेरा खुन्याची बाजू घेतो आणि प्रेक्षकालाही ती घ्यावयास लावतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. ‘हॅलोवीन’ला मात्र त्यांनी या निषेधातून वगळले. त्यांचा अपवाद योग्य होता; परंतु तो योग्य का, हे नीट मांडण्यासाठी नजर आणि सहानुभूती या दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे.

या कामी एक जुने उदाहरण उपयोगी पडते. भयानक रसाची प्रतीती समजावून देताना अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचे वर्णन घेतले आहे. ते भय कोणा एका हरिणाचे, कोणा एका स्थळकाळातले न राहता साधारणीकृत होते, असे त्याचे विवेचन आहे. परंतु तो श्लोक कोणाच्या तोंडी आहे, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. तो दुष्यंताच्या तोंडी आहे. म्हणजे रथात बसून, धनुष्य हाती घेऊन, हरिणाचा पाठलाग करणाऱ्या शिकाऱ्याच्या नजरेने ते दृश्य आपल्यापुढे येते. नजर शिकाऱ्याची आहे आणि रस मात्र सावजाच्या भयाचा आहे. नजर ज्याची त्याचीच सहानुभूती, हे समीकरण कलेत आपोआप खरे ठरत नाही, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

‘हॅलोवीन’मध्ये नजर आणि भाव यांची ही फारकत पुढे पद्धतशीरपणे वाढविली आहे. आरंभीच्या शॉटनंतर कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांतून बहुतांशी बाहेर येतो आणि त्याच्या शेजारी अथवा मागे उभा राहतो. लॉरी मायर्सच्या ओसाड घराच्या दाराशी किल्ली ठेवून परत फिरते तेव्हा चौकटीच्या कडेने एक खांदा आत सरकतो. श्वास ऐकू येतो. पुढे छायालेखक डीन कंडी यांनी पडद्याच्या रुंद चौकटीचा जो उपयोग केला आहे, त्याने प्रेक्षकाचे स्थान आणखी पालटते. खुनी क्वचितच मध्यभागी असतो. तो खिडकीपलीकडे, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, पार्श्वभूमीच्या अंधारात असतो. एका दृश्यात लॉरी दाराशी टेकून रडत आहे, तिच्या मागच्या अंधाऱ्या दारात काही नाही. आणि मग प्रकाश इतक्या मंदगतीने वाढतो, की तो पांढरा मुखवटा नेमका केव्हा दिसू लागला हे सांगता येत नाही. प्रेक्षक आता चौकटीचा कोपरान् कोपरा तपासू लागतो. ज्या डोळ्यांनी त्याने पहिला खून केला, त्याच डोळ्यांना आता पहारेकऱ्याचे काम लागते. पहारा देता येतो, पण हाक मारता येत नाही. या असहायतेतच चित्रपटाचे भय आहे. रक्त पडद्यावर फारसे दिसतच नाही. भयानक आणि बीभत्स यांच्या सीमारेषेवर कार्पेंटर यांनी जो संयम राखला, तो त्यांच्या अनुयायांना राखता आला नाही.

३

ज्याला भ्यायचे तो आहे तरी कोण? श्रेयनामावलीत मुखवटाधारी खुन्याच्या भूमिकेला नाव नाही; ‘आकार’ एवढाच शब्द आहे. त्याचा मुखवटाही अशाच रिक्ततेचा. बाजारात दोन डॉलरांहूनही कमी किमतीला मिळालेला, ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतील विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा तो रबरी मुखवटा. कलादिग्दर्शक व संकलक टॉमी ली वॉलेस यांनी त्याची छिद्रे मोठी केली आणि त्याला पांढरा रंग दिला. म्हणजे एक ओळखीचा मानवी चेहरा पुसून हा मुखवटा तयार झाला. राक्षसाचा, प्रेताचा किंवा विदूषकाचा मुखवटा काही तरी सांगत असतो. हा काहीच सांगत नाही. कार्पेंटर यांनी स्वतः रचलेल्या पार्श्वसंगीतातही असेच अपुरेपण आहे. त्यातील पाच मात्रांचा ठेका पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातल्या चार मात्रांच्या सवयीला सतत एका मात्रेने चकवतो आणि कानाला विसावू देत नाही.

या जागी हिचकॉक यांच्या ‘सायको’शी (१९६०) तुलना करणे क्रमप्राप्त आहे. कार्पेंटर यांनी ती स्वतःच सुचविली आहे. ‘सायको’तील एका पात्राचे नाव त्यांनी आपल्या मनोविकारतज्ज्ञाला, डॉक्टर लूमिस यांना दिले, आणि लॉरीच्या भूमिकेसाठी ‘सायको’च्या नायिकेची, जॅनेट ली यांची कन्या जेमी ली कर्टिस हिला निवडले. परंतु साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. ‘सायको’च्या अखेरीस एक मनोविकारतज्ज्ञ येतो आणि खुन्याच्या मनाची उपपत्ती सांगतो. ती उपपत्ती पटो वा न पटो, बुद्धीला आधार मिळतो. ‘हॅलोवीन’मध्ये मनोविकारतज्ज्ञ आरंभापासून उपस्थित आहे, पण तो शास्त्राचा पराभव सांगण्यासाठी. त्याने आठ वर्षे या मुलाच्या मनापर्यंत पोहोचण्याचा यत्न केला आणि पुढली सात वर्षे त्याला कोंडून ठेवण्याचा. वैद्यकाची भाषा संपल्यावर त्याच्याजवळ उरतो तो ‘दुष्टपणा’ हा एकच, शास्त्राला परका असा शब्द. डोनाल्ड प्लेझन्स यांनी ही भूमिका गंभीरपणे वठविली आहे. तथापि लूमिसची भाषणे पुन्हा पुन्हा येतात आणि जे मुखवट्याने निःशब्दपणे सांगितले ते शब्दांत सांगून त्याची धार बोथट करतात, हा दोष मान्य केला पाहिजे.

चित्रपटात मुखवटा दोनदा निघतो, आणि या दोन प्रसंगांच्या मध्ये सारी कृती तोललेली आहे. पहिल्या वेळी तो वडील काढतात. दुसऱ्या वेळी, अखेरच्या झटापटीत, लॉरी ओढून काढते. रहस्यकथेच्या परंपरेत मुखवटा निघणे म्हणजे उलगडा होणे. इथे दोन्ही वेळा एक सामान्य, काहीसा तरुण, काहीही न सांगणारा चेहरा दिसतो. दुसऱ्या वेळी तर खुनी हातातले काम सोडून मुखवटा पुन्हा नीट चढवू लागतो. संपूर्ण चित्रपटात सावज हाती असताना तो आपणहून थांबतो तो हाच क्षण. याच क्षणी लूमिस गोळी झाडू शकतो. मुखवट्याखाली काही दडलेले नाही, मुखवटा हाच त्याचा चेहरा आहे, हे याहून कमी साधनांत सांगता आले नसते.

ही रिक्तता हेच भयाचे अधिष्ठान होते, याची सिद्धता पुढील चित्रपटांनी उलट बाजूने दिली. १९८१ च्या दुसऱ्या भागात, ज्याची पटकथा पुन्हा कार्पेंटर व हिल यांचीच होती, लॉरी ही मायकेलची बहीण असल्याचे उघड केले गेले. कारण मिळाले आणि भय उणावले. जे कोणाच्याही वाट्याला येऊ शकले असते ते एका कुटुंबापुरते मर्यादित झाले. २००७ साली रॉब झॉम्बी यांनी मूळ कथा नव्याने चित्रित करताना खुन्याला दुःखी व हिंसक घरातले बालपण बहाल केले. त्याने करुणेला जागा झाली, पण भय अधिकच ओसरले. २०१८ साली डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी बहीणभावाचे नाते रद्द करूनच पुढची कथा रचली. म्हणजे पहिल्या चित्रपटाने जे सांगण्याचे नाकारले त्याचे मोल कळण्यास चाळीस वर्षे लागली.

४

कारण नाकारले गेले, की समीक्षक ते स्वतः पुरवू लागतो. ‘हॅलोवीन’विषयीचे अतिशय प्रचलित मत असे, की ज्या मुली प्रणयात गुंतल्या त्या मारल्या जातात, लॉरी शुचितेमुळे वाचते; सबब हा चित्रपट म्हणजे शिक्षेची नीतिकथा आहे. भरताच्या परिभाषेत, हे भय अपराधजन्य आहे. कार्पेंटर यांनी हा अर्थ अनेकदा नाकारला. पण दिग्दर्शकाचा नकार हा समीक्षेत पुरावा होऊ शकत नाही. पुरावा कृतीतच शोधला पाहिजे.

तो शोधताना दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की लॉरी आपल्या मैत्रिणींहून वेगळी ठरते ती पाहण्यामुळे. वर्गात नियतीविषयी व्याख्यान चालू असता तीच खिडकीबाहेर पाहते आणि रस्त्यापलीकडे मोटारीशेजारी उभ्या असलेल्या आकाराला टिपते. कुंपणाशी तीच पाहते, अंगणात तीच पाहते. ॲनी आणि लिंडा यांचे लक्ष अन्यत्र आहे. त्यांचा दोष असेल तर तो बेसावधपणाचा, आणि आपल्या गावात आपण सुरक्षित आहोत असे मानणे हा काही अपराध नव्हे. दुसरी गोष्ट अशी, की शुचिता लॉरीला काहीही देत नाही. तिच्यावर हल्ला होतोच. ती वाचते ती विणकामाची सुई, कपडे टांगण्याची तार आणि खुन्याचाच सुरा यांच्या साहाय्याने, आणि दोन मुलांची जबाबदारी अंगावर असल्याने. भरताने भय हा भाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्याशी जोडला आहे. इथे भय स्त्रीचेच आहे, पण ते दुर्बलतेचे लक्षण न राहता ज्ञानाचे साधन होते; गावात भय वाटणारी तीच एक, आणि म्हणून वस्तुस्थिती जाणणारीही तीच एक.

कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आणि १९९२ च्या ग्रंथात अखेरीस वाचणाऱ्या या मुलीला ‘अंतिम कन्या’ या अर्थाची संज्ञा दिली आणि या चित्रपटांचा तरुण पुरुष प्रेक्षकदेखील अंती तिच्याशीच तादात्म्य पावतो, असे दाखविले. नजर पुरुषाची आणि आनंद पुरुषाचा, या लॉरा मल्व्ही यांच्या १९७५ च्या सिद्धांताला त्यामुळे महत्त्वाची पुरवणी मिळाली. मात्र क्लोव्हर यांचे विवेचन संपूर्ण वर्गाचे आहे, आणि वर्गाचा नियम प्रत्येक कृतीला सारख्याच प्रमाणात लागू पडत नाही. तसेच ‘हॅलोवीन’ या बाबतीत सर्वस्वी निर्दोष आहे असेही नव्हे. पहिल्या खुनात बहिणीच्या अनावृत देहावर कॅमेरा रेंगाळतो. ॲनी आणि लिंडा यांना सावज होण्यापलीकडे फारसे व्यक्तिमत्त्व दिलेले नाही. आणि लॉरी दोनदा सुरा टाकून देते ते केवळ पटकथेच्या सोयीसाठी. नीतिकथेचा अर्थ चुकीचा असला, तरी तो सुचण्यास चित्रपटाने थोडी जागा ठेवली आहे, हे प्रामाणिकपणे म्हणावे लागते.

परंतु अपराधाचा शोध घ्यावयाचाच असेल, तर तो वेगळ्या ठिकाणी सापडतो. जखमी लॉरी रस्त्यावर येऊन मदतीसाठी आक्रोश करते, शेजारच्या घराचे दार ठोठावते. पडवीतला दिवा लागतो. आतून कोणी तरी पाहते. मग दिवा मालवला जातो. या प्रसंगाला काही सेकंदच दिले आहेत, पण संपूर्ण चित्रपटात इतके सामान्य आणि इतके क्रूर असे दुसरे काही नाही. तिथे मुखवटा नाही, सुरा नाही. हॅलोवीनच्या रात्रीचे कोणाचे तरी सोंग असेल, अशी सोयीची समजूत तेवढी आहे. ‘शाकुंतला’त बाण सुटण्यापूर्वी एक तपस्वी मध्ये येतो आणि हा आश्रमातला मृग आहे, याला मारू नये, असे राजाला बजावतो. हॅडनफील्डच्या त्या आळीत मध्ये येणारे कोणी नाही.

५

दोन वर्षांनी आलेल्या शॉन कनिंगहॅम यांच्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने (१९८०) ‘हॅलोवीन’ची बाह्य लक्षणे सर्व उचलली : खुन्याची नजर, तरुणांचा गट, वाचणारी मुलगी. परंतु त्यात प्रत्येक वाराची कारागिरी डोळ्यांपुढे ठेवली गेली, आणि खुनाला कारणही मिळाले. छावणीतील तरुण आपल्या प्रणयात दंग असताना ज्या बाईचा मुलगा बुडाला असे ती मानते, ती त्याचा सूड घेत असते. म्हणजे भयानकाच्या जागी बीभत्स आला आणि वित्रासितकाच्या जागी अपराधजन्य. वर्गाचा साचा पुढे ज्या रूपात रूढ झाला तो मुख्यतः या दुसऱ्या चित्रपटाचा आहे. आणि त्या साच्यावरचे आक्षेप मागे नेऊन पहिल्या चित्रपटावर लादणे हा समीक्षेचा आळस आहे. २००६ साली ‘हॅलोवीन’चा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला; त्याने त्याचे ऐतिहासिक स्थान मान्य झाले, पण कलात्मक भेदाचे विवेचन त्याने संपत नाही.

तो भेद चित्रपटाच्या शेवटच्या मिनिटात सर्वांत स्पष्ट होतो. सहा गोळ्या लागून खुनी सज्जावरून खाली कोसळतो. तो बागुलबुवाच होता का, असे लॉरी विचारते, आणि डॉक्टर, शास्त्राचा प्रतिनिधी, होकार देतो. मुलाचे बोलणे खरे ठरते. लूमिस खाली पाहतो तर देह तिथे नाही. यानंतर कोणतेही पात्र दिसत नाही. दिसतात ती केवळ स्थळे : जिना, बैठकीची खोली, घराचा दर्शनी भाग, रस्ता, आणि अखेरीस मायर्सचे ओसाड घर, त्यांवर मुखवट्याआडचा श्वास. भयानक रसाच्या विभावांत भरताने शून्य गृहाची गणना केली आहे. इथे शून्य गृह हे भयाचे केवळ निमित्त राहत नाही. ज्या घरांत कोणी नाही आणि ज्या घरांनी दिवा मालवला, अशा सर्वच घरांत तो श्वास ऐकू येतो.

मुखवटाधारी खुन्याचा चित्रपट श्रेष्ठ की हीन, हे त्यातील रक्ताच्या प्रमाणावरून किंवा वाचणाऱ्या मुलीच्या शुचितेवरून ठरविता येणार नाही. त्याने प्रेक्षकाला जे पाहावयास लावले त्याचे उत्तरदायित्व प्रेक्षकावर ठेवले काय, ही त्याची खरी कसोटी होय. ‘हॅलोवीन’ त्याला आधी खुन्याचे डोळे देतो, मग पहारेकऱ्याचे, आणि शेवटी ज्या दिशेने पाहावे तिथे रिकामे घर ठेवतो. या तिन्ही अवस्थांतून गेलेल्या प्रेक्षकाला मालवलेला तो दिवा आपल्याशी संबंध नसलेला वाटत असेल, तर तो दोष त्या चित्रपटाचा नव्हे.